कोल्हापूर रोड, सांगली

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत बसून मी लोकांचे हिशेब लिहितो. जीएसटी, प्राप्तिकर, बाहेर माल पाठवणाऱ्यांची कागदपत्रं. गिऱ्हाइकं याच गावातली नि आसपासची: चप्पल लाईनमधले दुकानदार, हुपरीचे चांदीवाले, उद्यमनगरातले मशीनशॉपवाले आणि राजारामपुरीत घरी बसून अमेरिकेतल्या कुणाची तरी वेबसाइट करून देणारी पोरं. परदेशातून पेपलवर आणि गावातून यूपीआयवर पैसे यायला लागले, तसं माझ्या टेबलावर एक बिनफीचं काम येऊन बसलं. मोबाईल पुढे करायचा आणि म्हणायचं, "हे खरं हाय का बघा की जरा." बघत आलोय. त्यातून जे ठरत गेलं ते खाली लिहितो. नंबर वाचायच्या सोयीसाठी घातलेत. महत्त्वाने लावायचे झाले असते तर सातवा पहिला आला असता, कारण लोक नेमकं तेवढंच करत नाहीत.

१. मेल घाबरवतोय का, हे आधी बघायचं

चप्पल लाईनमधल्या एका वहिनींचं सांगतो. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. पुढे २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानमध्ये तसलीच चप्पल मिरवून गदारोळ उडवला आणि वहिनींच्या इन्स्टाग्रामवर जर्मनी-कॅनडाहून विचारणा यायला लागल्या. पैसे घ्यायला मुलाने पेपलचं खातं काढून दिलं. एक दिवस मेल आला: तुमच्या खात्यावर संशयास्पद हालचाल दिसते, खातं मर्यादित केलं आहे, २४ तासांत ओळख पटवा, नाहीतर कायमचं बंद. खाली निळं बटण. "उद्यापत्तोर बंद पडतंय म्हणत्यात," वहिनी म्हणाल्या. अंगठा बटणावर टेकायचाच राहिला होता.

मोबाईलवर पाठवणाऱ्याचं नुसतं नाव दिसतं, पत्ता झाकलेला असतो. नाव काय, कुणीही काहीही लावावं. नावावर बोट टेकवलं तसा पत्ता उघडा पडला. 'पेपल सर्व्हिस' या नावामागे पोलंडमधल्या कुठल्याशा बेकरीचं डोमेन होतं. बिचाऱ्या बेकरीवाल्याचा सर्व्हर कुणीतरी फोडला असणार आणि त्याला त्याची खबरही नसणार. मग बटणावर बोट दाबून धरलं. नुसतं टेकवायचं नाही, दाबून धरायचं, म्हणजे पान न उघडता लिंक कुठे जाते ते दिसतं. ती तिसरीकडेच जात होती. मेलची सुरुवात 'डिअर कस्टमर' अशी. पेपल तुम्हाला खात्यावरच्या नावाने संबोधतं.

या खुणा कामाच्या आहेतच, पण माझा भरवसा भीती आणि मुदत या जोडीवर जास्त. खातं बंद, लाईट बंद, फास्टॅग बंद, केवायसी संपली. विषय बदलत राहतो, 'आज रात्रीपर्यंत' मात्र कायम. खरी बँक केवायसीसाठी महिनोन्महिने मागे लागते आणि तरी आपण जात नाही, हे काय मी कोल्हापूरकरांना सांगायला हवं?

२. इंग्रजी चुकलंय का, हे बघणं आता पुरे

पूर्वी स्पेलिंगच्या चुकांवरून चोर कळायचा. आता एआयकडून मजकूर लिहून घेतात आणि तो माझ्या इंग्रजीपेक्षा चांगला असतो. मराठीतले मेलही हल्ली नीट येतात. भाषा स्वच्छ आहे म्हणून मेल खरा, असं म्हणणाऱ्यांत शिकलेले लोक जास्त भेटले.

३. पत्ता उजवीकडून वाचायचा

'कोल्हापूर रोड, सांगली' असं पाकिटावर असेल तर पोस्टमन ते कोल्हापुरात आणत नाही. गाव शेवटी लिहिलेलं असतं. वेबसाइटच्या पत्त्याचंही तेच. 'पेपल डॉट कॉम डॉट व्हेरिफाय-अकाउंट डॉट एक्सवायझेड' असा पत्ता दिसला की डोळा सुरुवातीच्या 'पेपल डॉट कॉम'वर अडकतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण ते झालं कोल्हापूर रोड. गाव आहे 'व्हेरिफाय-अकाउंट डॉट एक्सवायझेड'. 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडायच्या, पुढची पहिली एकटी तिरकी रेघ शोधायची आणि तिथून डावीकडे दोन तुकडे मोजायचे. 'डॉट को डॉट इन' असेल तर तीन. ते तुकडे कंपनीचे नसतील तर बाकी पत्ता वाचायची गरजच नाही. कुलपाचं चित्र दिसतं म्हणून भुलू नका. ते कुणालाही फुकट मिळतं.

दुसरी फसवणूक अक्षरांची. इंग्रजी लहान 'एल'च्या जागी मोठा 'आय' टाकला की बहुतेक फॉन्टमध्ये फरक कळत नाही. पेपलच्याच बाबतीत २००० साली शेवटच्या 'एल'ऐवजी 'आय' लावून अख्खी खोटी साइट उभी केली होती. 'आर' आणि 'एन' चिकटून लिहिले की 'एम' दिसतो. अशा जागी डोळा बारीक करून उपयोग नाही. पत्ता स्वतः टाइप करावा.

बँकांपुरती एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं. तो पत्ता बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. आपल्या बँकेची साइट अशी संपते का, एकदा बघून ठेवा.

४. धंद्याचे नियम पाठ असले की मेल आपोआप उघडा पडतो

हा माझ्या पेशाचा फायदा म्हणा. पेपलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केले. आता भारतीय खात्यावर फक्त परदेशी व्यवहार होतात. तेव्हा 'पुण्याच्या अमुक दुकानाला तुमच्या पेपलमधून ४,९९९ रुपये गेले, रद्द करायला इथे क्लिक करा' असा मेल आला की पत्ता न तपासता मी तो खोटा म्हणतो. तसंच, भारतीय पेपल खात्यात आलेले पैसे आपोआप बँकेत वळते होतात. 'तुमची मोठी शिल्लक पेपलमध्ये पडून आहे' हे वाक्य आपल्याकडच्या माणसाला लागूच होत नाही.

यूपीआयचा नियम त्याहून साधा. पैसे यायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जायची तयारी. ओळखीच्या-अनोळखीच्या माणसाने आपल्याकडे पैशांची मागणी पाठवायची सोय, जिला 'कलेक्ट रिक्वेस्ट' म्हणायचे, ती तर १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केली आहे. प्राप्तिकराचा परतावा पोर्टलवर आधी पडताळलेल्या बँक खात्यातच जमा होतो. त्यासाठी कार्डाचा नंबर कुणी मागत नाही. रिटर्न भरायची मुदत संपली की परताव्याच्या मेलांचं पीक येतं आणि गंमत म्हणजे ज्यांचा परतावा निघतच नाही तेही आनंदाने क्लिक करायला बसतात.

५. खऱ्या पत्त्यावरून आलेला मेलही फसवा असतो

इथे जरा थांबतो, कारण पत्ता वाचायला शिकलेली माणसं इथेच गडबडतात.

राजारामपुरीतल्या एका पोराला मेल आला. पाठवणारा पेपल. पत्ता अस्सल. त्याला यातलं कळतं, म्हणून त्याने संगणकावर जीमेलमध्ये तीन टिंबांखालचं 'शो ओरिजिनल' उघडलं. तिथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन तपासण्यांचा निकाल दिसतो: मेल ज्याच्या नावाचा, खरंच त्याच्या सर्व्हरवरून निघाला का? तिन्हीपुढे 'पास'. मेलमध्ये लिहिलेलं की तुमच्या नावे ६०० डॉलरच्या बिटकॉइनची खरेदी झाली आहे, तुम्ही केली नसेल तर ताबडतोब या नंबरवर फोन करा. नंबर अमेरिकेचा.

मेल पेपलनेच पाठवला होता. युक्ती अशी, की पेपलचं खातं असलेला कुणीही कुणाच्याही ई-मेलवर बिल पाठवू शकतो. चोराने खातं काढलं, बिल तयार केलं आणि बिलाच्या 'नोट' या रकान्यात आपला मजकूर आणि फोन नंबर घातला. पोचवायचं काम कंपनीच्या यंत्रणेने इमानदारीने केलं. पत्ता खरा, लिंक खरी, खोटी एवढी ती नोट. फोन केला की पलीकडचा गोड बोलतो, 'रिफंड'साठी संगणकावर एनीडेस्कसारखं ॲप घ्यायला लावतो आणि मग तुमचा माऊस त्याच्या हातात.

कुणी पाठवलेलं बिल आपण भरलं नाही तर पैसे जात नाहीत. ते नुसतं पडून राहतं. लॉगिन करून व्यवहारांची यादी पाहिली तर ६०० डॉलर गेलेले दिसत नाहीत, एक न भरलेलं बिल दिसतं. तिथूनच ते रिपोर्ट करायचं. मेलमधला फोन नंबर कधीच फिरवायचा नाही, मेल कितीही अस्सल असो. हे मी पोरांना डोकं खाईपर्यंत सांगतो.

६. मेलमधल्या दाराने आत जायचं नाही

ॲप उघडा किंवा पत्ता स्वतः टाइप करा. खरंच काही अडलं असेल तर आत गेल्यावर दिसेल. 'ओटीपी आहे की, काय होतंय' यावर विसंबू नका. खोट्या पानावर टाकलेला ओटीपी पलीकडचा त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरतो. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर एक आयता राखणदार मिळतो: पत्ता जुळला नाही की तो पासवर्ड भरतच नाही. भरत नाही म्हणून चिडून हाताने टाइप करणारे महाभागही पाहिलेत.

७. डिलीट म्हणजे तक्रार नव्हे

"मला कळलं, मी उडवून टाकला." हे वाक्य मी सगळ्यांत जास्त ऐकतो आणि त्यावर सगळ्यांत जास्त वैतागतो. आपण वाचलो, ठीक. पण तोच मेल जयसिंगपूर-इचलकरंजीत आणखी कुणाला गेलाच असणार आणि लिंक चालूच असते. या साइट थोडे दिवस जगतात. जेवढ्या लवकर कळवाल तेवढं त्यांचं आयुष्य कमी.

कळवायला पाच मिनिटं लागतात. पेपलच्या नावाचा मेल असेल तर 'फिशिंग ॲट पेपल डॉट कॉम' या पत्त्यावर पाठवायचा. कुठलाही असा फसवा, म्हणजे फिशिंग, मेल केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेला 'इन्सिडेंट ॲट सर्ट-इन डॉट ऑर्ग डॉट इन'वर पाठवता येतो. ही संस्था २००४ पासून आहे, पण माझ्या गिऱ्हाइकांपैकी कुणाला नाव माहीत असलेलं आठवत नाही. प्राप्तिकराच्या नावाचा असेल तर 'वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन'. जीमेलमध्ये संगणकावर त्याच तीन टिंबांखाली 'रिपोर्ट फिशिंग' आहे. गुगलच्या 'सेफ ब्राउझिंग'च्या पानावर लिंक नोंदवली आणि त्यांना ती पटली, की त्या लिंकवर जाणाऱ्याला क्रोमच नव्हे तर फायरफॉक्स आणि सफारीतही लाल पाटी आडवी येते. मेलऐवजी एसएमएस, व्हॉट्सॲप किंवा फोन असेल तर संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' म्हणून सोय २०२४ पासून आहे. आणि पैसे गेलेले नसले तरी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर संशयित ई-मेल, फोन नंबर, यूपीआय आयडी नोंदवता येतो. आधी कुणी नोंदवलाय का तेही बघता येतं.

पाठवताना मूळ मेल 'फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट' करून पाठवावा. साधा फॉरवर्ड केला की मेल कुठून कुठून फिरत आला याची नोंद, म्हणजे हेडर, गळून पडते आणि तपासणाऱ्याला हवी असते ती तीच. स्क्रीनशॉटमध्ये तर नुसतं चित्र येतं. म्हणून तक्रार होईपर्यंत मेल उडवायचा नाही.

आणि कृपा करून 'सावधान!' असं लिहून तो मेल लिंकसकट तालमीच्या नाहीतर भावकीच्या ग्रुपवर टाकू नका. त्यात एक काका असतातच, जे आधी लिंक दाबतात आणि मग 'सावधान' वाचतात.

८. पैसे गेले असतील तर आधी १९३०

आपल्याकडचा क्रम ठरलेला आहे. आधी मुंबईतल्या मुलाला फोन, मग भाच्याला, मग नगरसेवकाला, मग बँकेत. तेवढ्यात पैसे दोन-तीन खात्यांतून पुढे सरकलेले असतात. १९३० ही राष्ट्रीय हेल्पलाइन त्या सरकणाऱ्या पैशांच्या मागे लागण्यासाठीच आहे. २०२१ मध्ये सुरू झाली तेव्हा नंबर १५५२६० होता, पुढे १९३० झाला. फोन गेला की तक्रार थेट संबंधित बँका आणि वॉलेट कंपन्यांकडे जाते आणि जे पैसे अजून कुठल्या तरी खात्यात असतील ते तिथे अडवता येतात. म्हणून मिनिटांना किंमत आहे.

फोन करताना खातं नंबर, व्यवहाराची वेळ, रक्कम आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. यूपीआयचा क्रमांक १२ आकडी असतो. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर रीतसर तक्रार पुरी करायची. गरज पडली तर जिल्हा पोलिसांचं सायबर पोलीस ठाणं आहेच.

बँकेला मात्र स्वतंत्रपणे आणि लेखी कळवायचं. एका शाखेत आमच्या एका गिऱ्हाइकाला "१९३० ला केलाय न्हवं फोन, मग झालं" म्हणून परत लावलं होतं. मी त्याला अर्जाच्या दोन प्रती घेऊन पुन्हा पाठवलं: एकीवर पोच, शिक्का आणि वेळ. हा कागद का लागतो, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकामुळे. त्यात म्हटलंय की दोष आपला नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर जबाबदारी शून्य. पासवर्ड, पिन आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. सगळा खेळ त्या 'कळवलं'च्या वेळेवर आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

गेलेले पैसे 'काढून देतो' म्हणणारा माणूस यानंतर हमखास भेटतो. तो त्याच टोळीतला समजावा.

९. क्लिक आपण केलं म्हणून सगळं संपत नाही

पुण्याची पूना ऑटो अँसिलरीज ही कंपनी. फिशिंग मेलला उत्तर दिलं गेलं आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८०.१० लाख रुपये गेले. कंपनी माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याच्या आयटी सचिवांकडे गेली. या कायद्यात ते न्यायनिर्णय अधिकारी असतात आणि ५ कोटींपर्यंतचे दावे ऐकतात. २०१३ मध्ये तेव्हाचे सचिव राजेश अग्रवाल यांनी बँकेला ४५ लाख द्यायला सांगितलं. मेलला उत्तर दिलं हा तक्रारदाराचा दोष धरला, म्हणून पूर्ण रक्कम नाही. पण ज्या खात्यांत पैसे वळवले ती खाती उघडताना बँकेने नीट तपासणी केली नाही, हा बँकेचा दोषही मोजला.

शरमेने गप्प बसलेल्या माणसाला मी हा निकाल सांगतो. वकील आणि वेळ लागतो हे खरं, पण 'मीच दाबलं, आता कुणाला सांगू' म्हणून घरी बसणाऱ्याला त्या ४५ लाखांतला रुपयाही मिळाला नसता.

१०. खातं भाड्याने मागणारा आपल्याच गल्लीत असतो

चोर जामताड्यात नाहीतर परदेशात असतो, हा समज अर्धाच खरा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन ९४ कोटींवर रक्कम गेली. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले आणि त्या यादीत कोल्हापूरची एटीएमही होती. तो फिशिंगचा प्रकार नव्हता, पण पैसे काढायला माणूस शेवटी जागेवरच लागतो. तसाच फिशिंगचा पैसा उतरवायला स्थानिक खातं लागतं. कॉलेजच्या पोरांना 'खातं आणि कार्ड दे, महिन्याला अमुक देतो' म्हणणारे फिरतात. पैसे माग काढत त्या खात्यापर्यंत येतात आणि पोलिसांची नोटीस पोराच्या नावाने येते.

११. 'आमचं बँक खातं बदललंय'

उद्यमनगरातल्या एका मशीनशॉपवाल्यांनी तैवानहून मशीन मागवलं होतं. आगाऊ रक्कम गेलेली, उरलेली पाठवायची होती. चालू पत्रव्यवहाराच्या साखळीतच मेल आला: बिल नंबर बरोबर, रक्कम बरोबर, खालची सही नेहमीची, ऑडिटमुळे जुनं खातं बंद आहे, या नव्या खात्यावर पाठवा. पत्ता उजवीकडून वाचला तरी बरोबर निघाला. घाईही नव्हती. माझ्या वरच्या सगळ्या कलमांतून तो मेल सुटला असता.

त्यांच्या ऑफिसात एक जुनी शिस्त आहे. खातं बदललं असं कुणीही कळवलं की मेलमधल्या नंबरवर नाही, फाइलमधल्या पहिल्या कोटेशनवरच्या नंबरवर फोन करायचा. शेटजींना इंग्रजी फारसं येत नाही, म्हणून मुलीला बसवलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, आमचं खातं तेच आहे, कुणी काही बदललेलं नाही. पैसे जुन्या खात्यावर गेले. आपला मेलबॉक्स फुटलाय हे त्या कंपनीला उद्यमनगरातल्या या फोनवरून कळलं. तो मेल आम्ही अटॅचमेंट करून त्यांना आणि सर्ट-इनला पाठवला. त्यांनी पासवर्ड बदलले आणि आपल्या बाकीच्या गिऱ्हाइकांनाही कळवलं. त्यातल्या एकाने नव्या खात्यावर पैसे पाठवायचं तेवढ्यात थांबवलं, असं त्या बाईंनी नंतर सांगितलं.